मृतसाठ्यातले मिशाळ

उन्हाळ्यात उजनी धरणात उणे पाणी असतं. हे वाक्य सोलापूर जिल्ह्यात कोणालाही खटकत नाही. एप्रिल उजाडला की 'उजनी उणे वीस', मे अर्धा सरला की 'उजनी उणे चाळीस' अशा बातम्या येतात आणि लोक त्या चहाबरोबर निमूट गिळतात. २०२४ साली तर हा आकडा उणे साठच्या घरात गेला होता. शाळेत गणिताच्या मास्तरांनी फळ्यावर संख्यारेषा काढून शून्याच्या डावीकडे काय असतं ते शिकवलं होतं, पण तिथे मासे पोहत असतात हे मात्र सांगितलं नव्हतं.

प्रकार असा आहे. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. त्यात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं ६३ टीएमसीपेक्षा जास्त पाणी हा मृतसाठा. टक्क्यांचा हिशेब त्याच्या वरच्या साडेत्रेपन्न टीएमसीचा. मृतसाठ्याच्या रेषेवर पाणी आलं की धरण शून्य टक्के. त्याखालचं वापरायला काढलं की उणे. म्हणजे उजनी उणे पन्नास असते तेव्हाही तिच्यात छत्तीस-सदतीस टीएमसी पाणी असतं. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली तरी बेरीज एकोणतीस टीएमसीच्या आसपास थांबते. थोडक्यात, पुण्याचं भरलेलं हे सोलापूरच्या आटलेल्यापेक्षा कमी. ही तुलना सोलापूरकरांसमोर करू नये, त्यांना राग येतो. पुणेकरांसमोर तर मुळीच करू नये, ते हेही पाणी मागतील.

आपल्याला यातून घ्यायचं ते एवढंच, की सरकारी कागदावर जो मृतसाठा आहे त्यात उजनीतला सगळा जिवंत मासा उन्हाळाभर राहतो. आणि त्यातल्या मिशाळ माशांना, म्हणजे शिंगाडा, शिवडा, मागूर या मंडळींना, शोधायला माणसं भर मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या उन्हात काठावर येऊन बसतात. बाकीचा मासा पकडला जातो, मिशाळ शोधावा लागतो. चिलापीचं काही कौतुक नाही. चिलापी उजनीत एवढी माजली आहे की ती न सापडणं हीच बातमी. भिगवणच्या आसपासची हॉटेलं तिच्यावर चालतात. रोहू-कटला बीज सोडून वाढवलेला, त्याची नोंद तरी असते. मिशाळाची नोंद कोणाकडे नाही. तो आहे यावर सगळ्यांची श्रद्धा आहे आणि कुठे आहे यावर प्रत्येकाचं स्वतंत्र मत आहे.

पहिलं मत शहरी माणसाचं. हा शनिवारी पहाटे पुण्याहून निघतो. डोक्यावर मागे फडकं सोडलेली टोपी, अंगात बारा खिशांचं जाकीट, हातात तीन तुकड्यांत मिटणारी काठी आणि तिच्यावर जपानी रीळ. सोबत एक यंत्र, जे पाण्यात सोडलं की मोबाईलवर तळाचं चित्र दाखवतं. त्याचा सिद्धांत साधा आणि सुशिक्षित असतो : वर ऊन आहे, खाली गारवा आहे, म्हणून मासा सगळ्यात खोल जागी आहे. मग तो शिशाचं वजन बांधून गळ अगदी तळाशी सोडतो आणि छत्रीखाली बसतो. संध्याकाळी त्याच्या गळाला लागलेल्या वस्तूंत गाळ असतो, एखादं गोणपाट असतं आणि क्वचित दुसऱ्या शहरी माणसाचा तुटलेला गळ असतो.

त्याचा तर्क माणसाच्या बाबतीत बरोबर आहे. माणूस उन्हाळ्यात तळघरात जाऊन झोपतो, कारण तळघरात हवा असते. उजनीच्या तळघरात ती नसते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम मावत असेल, तर तीस अंशांना साडेसातच. तेवढा तरी वरच्या थरात असतो. वरचं तापलेलं पाणी हलकं, खालचं गार पाणी जड, आणि वारा पडला की हे दोन थर एकाच वाड्यात राहणाऱ्या पण बोलणं टाकलेल्या दोन भावांसारखे राहतात. वरची हवा खाली जात नाही. खाली कुजणाऱ्या गाळाने होता नव्हता तो प्राणवायू केव्हाच संपवलेला असतो.

आणि गाळ म्हणजे साधासुधा नव्हे. मुळा-मुठा पुण्यातून जे काही घेऊन निघते ते दौंडच्या वरच्या अंगाला भीमेच्या हवाली करते आणि भीमा ते प्रामाणिकपणे उजनीत पोचवते. त्या खतावर शेवाळ फोफावतं, मरतं, तळाशी जाऊन कुजतं. तेव्हा आमचा शहरी मित्र ज्या तळाशी गळ सोडून बसलेला असतो, त्या तळाची ही अवस्था त्याच्याच शहराने केलेली असते. मासा त्या जागेपासून शक्य तितक्या लांब असतो. यंत्राच्या पडद्यावर मात्र तिथे सुंदर निळी खोली दिसत राहते.

दुसरं मत आमिषवाल्यांचं. यांचं म्हणणं, मासा कुठे आहे याची चिंता करू नका, तोच तुमच्याकडे येईल, फक्त वास हवा. या मताला शास्त्राचा भक्कम आधार आहे. मिशाळ माशाच्या मिशांवरच नव्हे, तर सगळ्या कातडीवर चव घेणारी इंद्रियं असतात. अमेरिकेतल्या चॅनल कॅटफिश नावाच्या माशाच्या अंगावर ती लाखाहून जास्त मोजली गेली आहेत. आपल्या जिभेवर काही हजार असतात आणि तेवढ्यांच्या जोरावर आपण आमटीत मीठ कमी आहे असं सांगून घरात वादळ उठवतो. हा प्राणी म्हणजे सबंध पोहणारी जीभ. गढूळ पाण्यात, अंधारात, डोळे मिटून तो वासाच्या दिशेने येऊ शकतो.

पण शास्त्राचा आधार मिळाला की आपल्याकडे माणूस वाहवत जातो. गांडूळ पुरेसं असताना कोंबडीची आतडी येतात. ती ताजी चालत नाहीत, दोन दिवस उन्हात ठेवलेली लागतात. त्यात कोणी लसूण ठेचून घालतो, कोणी हिंग, कोणी शेंगदाण्याची पेंड. आमच्या एका स्नेह्यांनी असं मिश्रण घट्ट झाकणाच्या डब्यात भरून गाडीच्या डिकीत ठेवलं. मे महिन्यात बंद गाडीत ते आंबलं, फुगलं, आणि यवतच्या पुढे कुठेतरी झाकणाने राजीनामा दिला. मासा त्या वासाला आला की नाही ते ठाऊक नाही, कारण गाडी काठापर्यंत पोचलीच नाही, ती धुलाई केंद्रावर गेली. वहिनींनी त्या गाडीत बसायला दिवाळी उजाडवली. स्नेही अजूनही म्हणतात की मिश्रण एकदम जमलं होतं.

तिसरं मत काठावर बसलेल्या आबांचं, आणि माझ्या मते उजनीतला मिशाळ शोधायचा असेल तर हे एकच मत ऐकण्यासारखं आहे. फक्त ते समजायला अवघड आहे.

"आबा, शिंगाडा कुठं गावंल?"

"पान्यात."

हे पहिलं उत्तर सगळ्यांना मिळतं. निम्मे लोक इथेच उठतात. जो तंबाखूची पुडी पुढे करून बसून राहतो, त्याला दुसरं उत्तर मिळतं.

"त्यो उगड्या खोडाचा बाभूळ दिसतुया का? तितनं सरळ रेघ मार. वाण्याच्या दुकानाच्या मागं."

समोर क्षितिजापर्यंत पाणी असतं. पाण्यावर दोन बगळे आणि एक होडी. दुकान नसतं, वाणी तर नसतोच. शहरी माणूस मोबाईलवर नकाशा मोठा करून दुकान शोधतो. नकाशावरही निळंच.

"कुठलं दुकान आबा?"

"पान्याखाली हाय की. धरान झालं तवा गेलं. माजी उधारी ऱ्हायली हुती तितं, लई बरं झालं."

उजनीच्या पोटात गावंच्या गावं आहेत. देवळं, चावड्या, वेशी, विहिरी, बांध, रस्ते, सगळं जसंच्या तसं सोडून माणसं वरच्या माळावर आली. पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर शिखरासकट उघडं पडतं आणि वर्तमानपत्रांना चार दिवस काम मिळतं. लोक होड्यांतून जातात, कोरीव खांबांसमोर फोटो काढतात, हेमाडपंती असं एकमेकांना सांगतात आणि परत येऊन चिलापी खातात. पण मंदिर म्हणजे बुडालेल्या गावाचा उंचवटा झाला. मिशाळाला त्यात रस नाही. त्याला रस बांधात आहे, पडक्या भिंतीत आहे, जुन्या रस्त्याच्या भरावात आहे. दिवसा लपायला दगडाची कपार हवी, रात्री चरायला जवळ उथळ पाणी हवं, आणि श्वास घ्यायला प्राणवायू असलेला थर हवा. या तिन्ही सोयी एकत्र कुठे आहेत हे यंत्र सांगू शकत नाही, कारण यंत्राला गाव माहीत नाही. आबांना आहे. ते त्या भिंतीवर बसून मोठे झाले.

मी विचारलं, "मग जुन्या विहिरीत असेल ना? खोल असेल, गार असेल."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या पदवीची लाज वाटावी.

"हिरीत कशाला मरायला जाईल? हिरीत दम कोंडतुया. हिरीच्या वर, थारोळ्यापाशी बग."

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, मोटेचं पाणी जिथे ओतलं जायचं ते दगडी थारोळं विहिरीच्या तोंडाशी, वरच्या अंगाला असतं. पाण्याच्या थरांबद्दल वर मी जो परिच्छेद पुस्तकं चाळून लिहिला आहे, तो आबांनी दोन वाक्यांत संपवला आणि पुडी खिशात टाकली. माझी पुडी.

पुढे त्यांनी बराच तपशील दिला. जुन्या नदीच्या पात्रात नाही, पात्राच्या कडेला, जिथे काठ उतरतो तिथे शिवडा दबा धरून असतो. मीटरभराहून लांब वाढणारा हा मासा स्वतः फारशी धावपळ करत नाही, समोरून जाणाऱ्या लहान माशांवर तोंड उघडतो. शिंगाडा पावसाळ्याच्या आधी चिखलात खड्डा करून घरटं मांडतो आणि पिल्लं राखतो, म्हणून त्या दिवसांत तो जागा सोडत नाही. मागूर कुठेही सापडेल, अगदी आटत चाललेल्या डबक्यातसुद्धा, कारण त्याच्या कल्ल्यांच्या वर हवा घेणारं वेगळं इंद्रिय असतं आणि तो तोंड वर काढून सरळ आपल्यासारखा श्वास घेतो. पाणी संपलं तर ओल्या गवतातून अंग ढकलत पुढच्या डबक्यात जातो.

"आन शाळंत बी असतुया," आबा म्हणाले.

"शाळेत?"

"भिताडं हायती की आजून. आमी कवा गेलो न्हाई शाळंत. मासा रोज जातुया."

पाणी वरखाली झालं की या पत्त्यांत बदल होतो, हे तर आणखी कठीण. उणे दहाला जो मासा वाण्याच्या मागे असतो, तो उणे चाळीसला चावडी उतरून नदीकडच्या मळ्यात गेलेला असतो, कारण वाण्याचं दुकान तोवर कोरडं पडून तिथे कोणीतरी कलिंगडं लावलेली असतात. गाळपेराची ही कलिंगडं फार गोड निघतात. म्हणजे एकाच जागी कधी मासा, कधी फळ. जागेचा मूळ मालक दोन्हीकडे लांबून बघतो, कारण मोबदला घेऊन त्याने ती जागा केव्हाच सोडलेली असते. आबांचं स्वतःचं घर कुठे होतं असं विचारलं तेव्हा त्यांनी हनुवटीनेच दूर पाण्याकडे खूण केली आणि तिथे कसला मासा असतो ते काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

वेळेबद्दल मात्र सगळ्या तज्ज्ञांचं एकमत आहे : दिवसा नाही. मिशाळ रात्रीचा प्राणी. दिवस मावळला, काठचं पाणी जरा निवलं, की तो कपारीतून निघून उथळात चरायला येतो. माणूस मांडीभर पाण्यात उभा राहून लांब, खोल, आतमध्ये गळ फेकतो, तेव्हा मासा बहुधा त्याच्या पायामागे असतो. शिवाय या माशांचे कान तीक्ष्ण. हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी इवलीशी हाडांची साखळी त्यांच्यात असते, त्यामुळे काठावर पाऊल आपटलं तरी कळतं. हे कळल्यावर शांतता पाळणं ओघानेच आलं. पण आपल्याकडे रात्रीची सहल म्हटली की ब्लूटूथचा डबा येतो, त्यावर लग्नातली गाणी येतात, मग कोणाचा तरी वाढदिवस निघतो. उजनीच्या काठावर रात्री अकरा वाजता मी केक कापताना पाहिला आहे. मासा न मिळण्याची कारणमीमांसा त्यानंतर तासभर चालली. त्यात चंद्र, वारा, पुण्याचं सांडपाणी आणि सरकार आलं. डबा आला नाही.

तरीही एखाद्याला शिंगाडा मिळतोच. तेव्हा खरी पंचाईत सुरू होते, कारण त्याला धरायचं कसं हे कोणी ठरवलेलं नसतं. अंगाला खवले नाहीत, नुसता बुळबुळीतपणा. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन कणखर काटे. उत्साहात मूठ आवळणारा माणूस पुढच्या क्षणी मासा सोडून स्वतःचा हात धरतो. असा काटा शिरलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, ठणका कमी होतो, आणि मग डॉक्टर गाठावा. हळद लावा, पेट्रोल लावा, तंबाखू लावा असं सांगणारे भोवती बरेच असतात. त्यांना मासा धरायला द्यावा.

हे सगळं टाळून मिशाळ मिळवायचा सरळ मार्ग म्हणजे सकाळी भिगवणचा मासळी बाजार. रात्रभर पाण्यावर असलेल्या माणसांनी आणलेला माल तिथे लिलावात निघतो. बोली इतक्या झपाट्याने चालते की नवख्याने कान खाजवायला हात वर करू नये. शहरी मित्र रविवारी दुपारी परतताना तिथे थांबतात, मोठासा शिवडा घेतात आणि वाटेत एका झाडाखाली गळाला अडकवून त्याचा फोटो काढतात. मासा बर्फातला असतो, डोळे पांढरे झालेले असतात, पण फोटोत आनंद खरा असतो.

मांगूर म्हणून गळ्यात मारला जाणारा मासा घेताना मात्र जरा बघावं. आपला गावठी मागूर वेगळा आणि आफ्रिकन मांगूर वेगळा. हा आफ्रिकन पाहुणा समोर येईल ते खातो, त्याला कत्तलखान्यातली घाण घालून वाढवतात आणि नदीत सुटला तर तो इथल्या माशांना शिल्लक ठेवत नाही. म्हणून त्याच्या पैदाशीवर देशात बंदी आहे. उजनीच्या काठच्या तालुक्यांत त्याची तळी शोधून, पोकलेन लावून मासे पुरण्याच्या कारवाया झाल्या आहेत. बेकायदा असूनही हा मिशाळ सापडायला सगळ्यात सोपा : तो धरणात शोधावा लागत नाही, उसाच्या फडाआड तळ्यात असतो.

आणि आता त्याहून सोपा एक आला आहे. गेल्या काही वर्षांत उजनीतल्या जाळ्यांत एक चिलखती मासा येऊ लागला. काळपट, अंगावर वाघासारखी नक्षी, तोंड खाली, काटेरी पर. सकर म्हणतात, कोणी हेलिकॉप्टर म्हणतात. हाही मिशाळांच्याच कुळातला, पण मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शोभेच्या टाकीत काच चाटून साफ ठेवतो म्हणून लोक बोटाएवढा विकत आणतात. तो काही वर्षांत हातभर होतो, काच सोडून बाकीच्या माशांकडे बघू लागतो, आणि मग घरातल्या भूतदयावाद्यांची बैठक बसते. मारायचा कसा, पाप लागेल. पिशवीत घालून पुलावरून नदीत सोडतात, वर हातही जोडतात. प्राणवायू कमी असो, पाणी काळं असो, तो हवा गिळून जगतो, म्हणजे मुळा-मुठेत टिकायला लागणारी सगळी पात्रता त्याच्याकडे आहे. तिथून उजनी फार लांब नाही.

कोळ्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य आहे. बाजारात त्याला कोणी हात लावत नाही, काट्यांनी जाळी फाटते, आणि ते सोडवण्यात जी सकाळ जाते तिच्यात शिंगाडा धरता आला असता. काठावर बिळं करून तो अंडी घालतो आणि दुसऱ्यांची अंडी खातो. आबांना मी त्याचा पत्ता विचारला नाही. वाण्याचं दुकान, चावडी, शाळा, थारोळं, सगळीकडे तोच असणार.

तेव्हा पुण्यातल्या ज्या घरांत टाकीतला सकर आता टाकीत मावेनासा झाला असेल, त्यांना विनंती : तो ज्या दुकानातून आणला तिथे परत नेऊन द्या, दुकानदार घेत नसेल तर मोठी टाकी घ्या, पण पुलावर जाऊ नका.